काचेवरचा तवंग

छत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या फोडणीवर कुणी बंदी घातली नव्हती. ती घातली आमच्या ह्यांनी, निवृत्तीनंतर, आणि तीसुद्धा घरात नाही, गाडीत.

गाडी म्हणजे मोटारहोम. हिंजवडीला आयटीतल्या पोरापोरींची ने-आण करून दमलेली एक मिनीबस ह्यांनी विकत घेतली, आतल्या सीटा उपटल्या आणि वारज्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठ महिने खपून तिच्यात पलंग, ओटा, सिंक आणि एवढंसं बाथरूम बसवलं. हे चौतीस वर्षं एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू हातात घ्यायची आणि नाक मुरडायचं. निवृत्त झाल्यावर त्यासाठी मी एकटीच उरले होते, त्यामुळे गाडी आली तेव्हा मला अगदी मनापासून आनंद झाला.

आनंदाचं खरं कारण मात्र अमरावतीत होतं. माझी थोरली बहीण, यमुताई. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून दोन वर्षं ती घराबाहेर पडली नव्हती. तासभर बसली की पाय आखडतात, आडवं व्हावं लागतं. साध्या गाडीतून तिला कुठे नेणार? आणि तिला तर चिखलदरा बघायचा होता, लहानपणी आम्ही बाबांबरोबर गेलो होतो तसा, पुन्हा एकदा. पलंगाची गाडी होतेय म्हटल्यावर तिचा दर रविवारी फोन यायला लागला. निघायची तारीख ठरली अकरा डिसेंबर.

आणि नोव्हेंबरात गाडी कूलंट पिऊ लागली.

कूलंट म्हणजे इंजिन तापू नये म्हणून त्यात फिरणारं हिरवं पाणी. शंभर किलोमीटरला पेलाभर कमी व्हायचं आणि थेंब कुठेच दिसायचा नाही. ह्यांनी इंजिनाजवळच्या कूलंटच्या बाटलीवर पट्टी चिकटवून तारखा घातल्या. इंजिनाखाली वर्तमानपत्रं अंथरली. सकाळी पेपर कोरडे ठणठणीत. हे तिथेच उकिडवे बसून डाग शोधता शोधता परवाच्या बातम्या वाचायचे आणि चहा गार झाला म्हणून मला ऐकवायचे.

शेजारचे नागोराव कॉलेजात ग्रंथपाल होते. ते म्हणाले, "दत्तप्रसाद, हवा होत असेल हो त्याची."

"हो का? तुमच्या लायब्ररीत पुस्तकांचीही अशीच हवा व्हायची का?" हे म्हणाले. नागोराव चार दिवस पार्किंगकडे फिरकले नाहीत.

मग ह्यांनी संशयितांची यादी केली. रेडिएटर, त्याचं झाकण, पाण्याचा पंप, एकूण एक पाइप. रोज एकेकाची तपासणी, पुढे शेरा आणि सही. हीटरपुढे तर न बघताच लिहून टाकलं, 'कधी वापरलेला नाही. संशय नाही.' पुण्यात गाडीत हीटर लावतो कोण?

याच दिवसांत पुढच्या काचेवर आतून तवंग धरू लागला. ऊन समोरून आलं की रस्ता दुधातून बघितल्यासारखा दिसायचा. ह्याचं कारण मात्र ह्यांना एका मिनिटात सापडलं.

"तुझी फोडणी," हे म्हणाले. "बंद गाडीत तेल उडतं, काचेवर बसतं. यापुढे गाडीत फक्त उकडायचं."

मी दोनदा बिनफोडणीची खिचडी केली. तवंग होताच. "आधीचा थर आहे," असा निकाल आला. मला इतका राग आला की तीच खिचडी घरीही आठवडाभर वाढली.

वारज्यातच रियाजचं गॅरेज आहे. त्याला दाखवूया म्हटलं की ह्यांचा चेहरा पडायचा. "मूळ कारण आपणच शोधायचं असतं," एवढंच म्हणायचे. आणि आठ डिसेंबरला जेवताना, पानातून मान वर न करता म्हणाले, "आपण जानेवारीत जाऊ. अशी गाडी मी रस्त्यावर काढणार नाही."

मी तोंड उघडणार तोच फोन वाजला. ताईच होती.

"बॅग भरून ठेवली म्या," ती म्हणाली. "डॉक्टरलेबी सांगून टाकलं, आता मी काई घरात सापडत नाई. येतेस ना वं?"

"येते," मी म्हणाले. फोन ठेवला आणि ह्यांच्यासमोर उभी राहिले. "उद्या एक चाचणी. तुमच्याच पद्धतीने."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोडा लावून काच आतून घासली, तीन वेळा कोरड्या फडक्याने पुसली आणि ह्यांना तपासायला लावली. यादीच्या खाली लिहून घेतलं, 'काच पूर्ण स्वच्छ.' त्याखाली त्यांची सही घेतली. गॅसची शेगडी आणि सिलिंडर उचलून घरात ठेवले. डब्यात दशम्या आणि कोरडी चटणी. अशा सोवळ्यात आम्ही पानशेतला जाऊन परत फिरलो.

खडकवासल्याच्या अलीकडे ऊन समोरून आलं आणि रस्ता पुन्हा दुधात बुडाला.

मी म्हणाले, "दशमीला फोडणी नव्हती."

"जुना थर असेल."

"तुमची सही आहे."

मी काचेवरून बोट फिरवलं. चिकट. नाकाशी नेलं तर तेलाचा मागमूस नाही, खोकल्याच्या औषधासारखा गुळमट वास. "गाडी सरळ रियाजकडे घ्या," मी म्हणाले, आणि आश्चर्य म्हणजे ह्यांनी घेतली.

रियाजने बॉनेट उघडायच्या आधी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. काचेवर बोट फिरवून हुंगलं. "काकू, हे तेल नाही. कूलंट आहे."

मग त्याने रेडिएटरवर हातपंप लावून आत दाब भरला. पंपाचा काटा हळूहळू खाली येऊ लागला, म्हणजे गळती कुठेतरी होतीच, पण गाडीखालची फरशी कोरडीच. रियाज थेट आत शिरला, माझ्या पायाखालचं मॅटिंग उचललं आणि त्याखालचा फोम पिळला. हिरवी धार लागली.

"हीटरची जाळी गळतेय डॅशबोर्डच्या आत. थोडं खाली झिरपतं, थोड्याची वाफ होऊन काचेवर बसते. बाहेर थेंब पडणार कसा?"

"पण हीटर मी एकदाही लावलेला नाही!" हे जवळजवळ ओरडलेच.

"साहेब, या गाडीत हीटर लावा नाहीतर लावू नका, पाणी त्या जाळीतून फिरतंच."

ह्यांनी खिशातली यादी काढून हीटरपुढचा शेरा खोडला. मी वाट बघत होते. यादीची नीट घडी घालत म्हणाले, "तवंगाचं निरीक्षण बरोबर होतं. कारण चुकलं."

"मग माफी कोणाची मागताय, निरीक्षणाची की माझी?"

रियाजला अचानक पान्याच्या पेटीत काहीतरी शोधायचं आठवलं.

नवी जाळी यायला पंधरा दिवस लागणार होते. तोवर जाळी वगळून दोन्ही पाइप एकमेकांना जोडून देतो, इंजिनाला काही फरक पडत नाही, असं रियाज म्हणाला.

"हीटरशिवाय? चिखलदऱ्याला डिसेंबरात थंडी किती असते!" आयुष्यात हीटर न लावलेला माणूस बोलला.

"चार गोधड्या जास्त घेऊ," मी म्हणाले. "जोड रे रियाज."

दहा तारखेला दिवसभर गाडी फिरवली. बाटलीतलं पाणी थेंबभरही कमी झालं नाही. अकराला सकाळी सामान चढलं, मी बसले, हे बसले, किल्लीवर हात ठेवला आणि तसेच बसून राहिले.

"आता काय?"

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढल्या," हे म्हणाले. "स्वतःच्या हातांनी केलेली ही पहिलीच वस्तू. तिच्यात तुला न्यायचं, ताईंना झोपवायचं, घाट चढायचा. भीती वाटते गं."

महिनाभर साठवलेले टोमणे माझ्या तोंडाशी होते. एकही बाहेर पडला नाही. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. "हिच्यातल्या चुका मी काढेन की," मी म्हणाले. "तुम्ही चालवा."

तीन दिवसांनी चिखलदऱ्याच्या घाटात ताई पलंगावरून ओरडली, "थांबवा, थांबवा!" आम्हाला वाटलं पाय आखडले. पण तिला उतरायचं होतं. ह्यांनी तिला धरून खाली घेतलं. एक एक पाऊल टाकत ती दरीच्या कठड्यापाशी गेली आणि उभी राहिली, बराच वेळ. मी मागे उभी राहून रडत होते. हे तिचा हात धरून होते, आणि त्या सगळ्या वेळात त्यांनी एकदाही गाडीकडे वळून पाहिलं नाही.