सोमीचं वळण

संस्थान विलीन झालं, जव्हारची पागा मोडली, आणि मंगळूच्या वाट्याला एकच घोडी उरली. बिजली तिचं नाव. बाकीचे घोडे नाशिककडचे व्यापारी घेऊन गेले. बिजलीचं वय झालेलं, तिला कुणी हात लावला नाही. मग ती जंगल खात्यात आली, रेंजर साहेबांना फिरतीसाठी, आणि तिच्यामागे मंगळूही आला. आधी त्याला मोतद्दार म्हणत, आता मजूर म्हणत. काम तेच होतं. खरारा करायचा, पाणी दाखवायचं, गवत टाकायचं.

ते काम तो अजूनही नीट करायचा. बाकी कशात त्याचं लक्ष नसे. जेवलास का, असं कुणी विचारलं तर त्याला आठवावं लागायचं.

त्या वर्षी भात झोडून झालं आणि जंगलात नवीन काम निघालं. शिकारीला जायचा जुना रस्ता रान माजून पायवाटेएवढा उरला होता. तो मोकळा करून पाहुण्यांसाठी वाट करायची होती. थंडीत मुंबईहून, नाशिकहून लोक हवा खायला येतात. कुणी पायी फिरेल, कुणी घोड्यावर बसेल, कुणी सायकल आणेल. जंगल आता सरकारचं, म्हणजे सगळ्यांचं, असं साहेबांनी मजुरांना सांगितलं.

"सगळ्यांचं, तर माझी मोळी का धरतात?" टोपलीतली माती ओतत म्हातारी कमू म्हणाली.

साहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

मुकादम देवराम होता. मंगळूचा मेहुणा, त्याची बायको सोमी हिचा धाकटा भाऊ. कोयते चालवत, दगड बाजूला लोटत माणसं चढावर आली आणि चढ संपतो त्या वळणावर थांबली. पुढे डहाळ्यांचा ढीग होता. खाली वाळून काळ्या पडलेल्या, वर पिवळ्या, त्यावर हिरव्या. सगळ्यात वर बांबूची एक ताजी डहाळी, पानांवर दव तसंच. ती कमूनं सकाळी कामावर येताना टाकली होती.

वाटेत माणूस मेलं की त्या जागी असा ढीग होतो. तिथून जो जाईल त्यानं हाताला येईल ती हिरवी डहाळी मोडून टाकायची. पूजा नाही, नवस नाही. टाकायची आणि चालू लागायचं.

हा ढीग सोमीचा होता. गेल्या श्रावणात तिला तापानं घेरलं. पाड्यावरून जव्हारच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून बांबूला घोंगडी बांधून डोली केली. पुढे मंगळू, मागे देवराम. चिखलात पाय रोवत दोघं हा चढ चढले. मंगळू नुसता चालत होता. वळणावर मागून देवराम म्हणाला, "दाजी, ठेव खाली." मंगळूला वाटलं, दमला असेल. "अजून थोडं," असं म्हणून तो चालतच राहिला. देवरामला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

तेव्हापासून मंगळू या वळणावर आला नव्हता. पाड्यावरून ये-जा करायची तर तो ओढ्याकडून लांबचा फेरा घ्यायचा. का, असं कुणी विचारलं नाही, आणि त्यानंही स्वतःला विचारलं नाही.

आज साहेब बिजलीवरून काम बघायला आले म्हणून त्याला यावं लागलं. साहेब खाली उतरून पुढे गेले. तो घोडी धरून मागेच थांबला.

"हे काय आहे?" साहेबांनी ढिगाकडे छडी केली. "घोडं इथं बुजणार. आठ दिवसांत मोठ्या साहेबांच्या घरची मंडळी येतायत, बाईमाणूस असेल. काढून टाका."

"हे काढायचं नसतं, साहेब," देवराम म्हणाला.

"देव आहे?"

"देव नाय. माणूस आहे."

"इथं पुरलंय?"

"नाय. इथं गेली."

"कोण?"

देवरामनं मागे पाहिलं. मंगळू घोडीच्या आयाळीतली कुसळं काढत होता.

"माझी बायको," तो म्हणाला. घोडी पाणी प्यायली, हे सांगावं तसा आवाज होता.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी हॅट काढून हातात घेतली. "मग तूच सांग बाबा. काढायचं का?"

"काढा."

"दाजी," देवराम म्हणाला.

"साहेबांना वाट पाहिजे ना? काढा."

कुणी जागचं हललं नाही. कमूनं टोपली खाली आपटली. "काढा म्हणे! तुझी एक तरी डहाळी आहे का रे त्यात? आम्ही टाकल्यात. आमच्या तू कोण काढणारा?"

ती म्हणत होती ते खरंच होतं. मंगळूनं एकही टाकली नव्हती. आपल्याला वाईट वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. वाईट वाटत नव्हतं. आत काही होतच नव्हतं.

साहेबांनी छडीनं घोडीकडे खूण केली. "असं करू. घोडी या ढिगाजवळून घेऊन जा. बुजली, तर आजच्या आज काढायचं. नाही बुजली, तर राहू द्या."

देवरामचा चेहरा उतरला. बिजली कागदाच्या तुकड्यालाही बिचकते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मंगळूनं लगाम धरला आणि चालायला लागला. खाली बघत. दगड, गवत, स्वतःचे पाय. ढीग डाव्या हाताला आला, मागे पडला. बिजली मुकाट येत होती. आणि मग हातातला लगाम ताणला. मागून ओढ लागली, आणि त्याला मागच्या श्रावणातला खांद्यावरचा बांबू आठवला. कुणीतरी आता काहीतरी म्हणेल, म्हणून तो तसाच उभा राहिला. कुणी काही म्हणालं नाही. कडकड चावल्याचा आवाज आला.

त्यानं वळून पाहिलं. बिजलीनं ढिगात तोंड घातलं होतं आणि कमूची बांबूची डहाळी ती खात होती.

"बुजते कसली, चरतेय!" कमू म्हणाली. "माझी ताजी डहाळी खाल्ली मेलीनं."

माणसं हसली. देवरामही हसला, आणि हसता हसता त्यानं तोंड फिरवलं. "ताईच्या हातचं गवत खायची ना ती पागेत," तो म्हणाला. सोमी रोज गवताचा भारा घेऊन पागेत यायची. बिजली तिच्या डोक्यावरूनच ओढून खायला लागायची आणि सोमी तिला शिव्या द्यायची.

मंगळूनं लगाम ओढला. बिजली हलेना. त्यानं चुचकारलं. तरी हलेना.

"बुजत नाही, पण जातही नाही," साहेब म्हणाले. "हा वेगळाच घोटाळा. पाहुणे काय इथंच बसून राहणार?"

देवराम काही बोलणार होता. त्याच्या आधी मंगळू बोलला, आणि इतकं बोलला की सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"बसू द्या की, साहेब. खाऊ मिळाला ती जागा घोडी विसरत नाय. ती रोज इथं थांबणार. चढ इथंच संपतो. पायी येणाऱ्याला दम लागणार, सायकलवाला तर खाली उतरूनच येणार. त्यांना बसायला दोन सपाट दगड टाका. समोर दरी दिसते. वाट थोडी रुंद करून घेऊ, ढीग कडेला राहील."

साहेबांनी दरीकडे पाहिलं. लांबवर मोखाड्याकडचे डोंगर धुरकट दिसत होते. त्यांनी हॅट डोक्यावर ठेवली.

"टाका दगड," ते म्हणाले.

पाहुणे आले ते सकाळच्या कोवळ्या उन्हात. बाई बिजलीवर, लगाम मंगळूच्या हातात, मागे त्यांचे भाऊ सायकल ढकलत घामाघूम. वळणावर बिजली थांबली. बाईंनी टाच मारून पाहिली.

"चालत का नाही ही?"

"इथं थांबायचं असतं, बाईसाहेब."

बाई उतरल्या. सायकलवाले भाऊ दगडावर धपकन बसले आणि पाण्याची बाटली रिकामी करून म्हणाले, "ज्यानं ही जागा काढली त्याचं भलं होवो." मग दोघं दरी बघायला कडेला गेले.

मंगळू ढिगाजवळ एकटा राहिला. बाजूच्या बांबूच्या बेटातून त्यानं एक डहाळी मोडली आणि ढिगावर टाकली. काही वाटेल म्हणून थोडा वेळ थांबला. बिजलीनं मान लांब करून ती डहाळी उचलली आणि खाल्ली.

त्यानं दुसरी मोडली. तीही तिनं खाल्ली.

तिसरी त्यानं ढिगाच्या पार आत खुपसली. वरची वाळकी पानं हातानं बाजूला करावी लागली. खालच्या काळ्या डहाळ्या ओलसर होत्या. कुणीकुणी टाकल्या असतील, पावसात, उन्हात, बाजाराला जाताना. हात बाहेर काढायला त्याला वेळ लागला. घोडी आत तोंड घालून ती डहाळी शोधायला लागली. त्यानं तिला ओढलं नाही.

"झालं का रे?" बाईंनी हाक मारली. "निघू या?"

"जरा थांबा," मंगळू म्हणाला. "तिचं खाणं होऊ द्या."