शेवंतीचं दुखणं

शेवंती आता वाचत नाही हे तिच्या नवऱ्याला, धोंडिरामला, हॉस्पिटलच्या जिन्यात कळलं. तो वर चढत होता, डॉक्टर खाली उतरत होता, आणि डॉक्टरला घाई होती.

"छातीतली गाठ आहे. चांगली वर्षभर जुनी. आता फुप्फुसात उतरलीय. इतके दिवस काय करत होतात तुम्ही लोक?"

एवढं बोलून तो निघून गेला. धोंडिराम वर गेला तेव्हा शेवंती खाटेवर बसून शेजारच्या म्हातारीला केळं सोलून देत होती.

"वर्षभर गाठ होती तुला?"

"असंल."

"आणि मला बोलली नाहीस?"

"ते दुखणं मी देवाला दिलं होतं," शेवंती म्हणाली. "एकदा दिल्यावर परत कसं मागायचं?"

तिनं ते अगदी साधेपणानं सांगितलं. म्हातारीनं केळं खाल्लं आणि साल कुठं टाकू म्हणून विचारलं.

दोघं संगमनेरकडची, ख्रिस्ती. धोंडिराम भांडुपच्या कारखान्यात रंगखात्यात होता, आणि मुलुंडला चेकनाक्याच्या अलीकडे चाळीत त्यांची एक खोली होती. त्यांची मुलगी पाच वर्षांची होऊन तापानं गेली. त्यानंतर शेवंती चर्चच्या मागच्या कॉन्व्हेंटात, सिस्टर क्लेमेन्सियाकडे जायला लागली. दर गुरुवारी दुपारी पाच-सहा बायका तिथं जमायच्या. सिस्टर त्यांना मौन प्रार्थना शिकवायची. देवाजवळ बसायला चर्चच लागतं असं नाही, भांडी घासताना, भाकरी थापतानाही बसता येतं, तोंडानं काही म्हणायची गरज नाही, असं तिचं सांगणं. आणि महिन्यातून एकदा ती प्रत्येकीला एकटीला बोलावून विचारायची, की बाई, तुझ्या मनात सध्या काय चाललंय.

शेवंतीनं ते मनावर घेतलं. नळावर हंडा भरत असला, की ती समोर बघत नुसती उभी राहायची. धोंडिराम चिडवायचा, "काय गं, उभ्या उभ्या डुलकी लागली का?"

"नाही हो. बसलेय मी."

"उभी तर आहेस."

"आतून बसलेय."

यावर तो हसायचा. बाई शांत झाली होती, पोरीच्या आठवणीनं रात्री उठून बसायची ती थांबली होती. त्याला एवढं पुरे होतं.

ती पावसाळा संपता संपता गेली. मातीच्या दिवशी चर्च भरलं होतं. फादर वेदीवरून बोलले, "शेवंतीबाईंनी वर्षभर एवढी वेदना सोसली, पण तोंडातून एक शब्द काढला नाही. सगळं प्रभूला अर्पण केलं. आपल्या माता-भगिनींनी हा आदर्श डोळ्यांपुढं ठेवावा." बायका पदर डोळ्यांना लावून माना हलवत होत्या.

धोंडिरामच्या अंगाचा तिळपापड झाला. पुढं तिची शवपेटी होती म्हणून तो उठला नाही, एवढंच. आदर्श? बाई गाठ घेऊन वर्षभर पाणी भरत होती, आणि हे म्हणतात तसंच करा?

शेजारची जया मालवणकडची, हिंदू, पण मातीला आली होती. दुसऱ्या दिवशी पेज घेऊन आली, तेव्हा तिनं सरळ विषय काढला. "भावोजी, तुमच्या फादरान आमच्या शेवंतीक पार देवी करून टाकल्यान. बाईमाणूस गप रवला, की सगळ्यांका बरा वाटता."

"मला नाही वाटत बरं," धोंडिराम म्हणाला.

"मग हय बसान माका काय सांगतास? थय जावन सांगा."

त्याला ते पटलं. तो आधी सिस्टरकडे गेला. ती गोव्याची, साठीची, चणीनं लहान. तिनं खुर्ची पुढं केली, पण तो बसला नाही.

"सिस्टर, तुम्ही माझ्या बायकोला गप्प राहायला शिकवलंत. ती इतकी शिकली, की मेली. आता मला सांगा, देवाला दिलं म्हणजे डॉक्टरला दाखवायचं नाही, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"गाठीचं मला माहीत नव्हतं, धोंडिरामभाऊ."

"ती तुम्हाला बोलली असणार. तुमच्याशिवाय ती कुणाकडे मन उघडत नव्हती."

 सिस्टर म्हणाली, "ती बोलली होती. गेल्या वर्षी. म्हणाली, सिस्टर, माझं दुखणं वाढत चाललंय. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, पोरीच्या आठवणीची मिस्सा झाली ना चर्चमध्ये, तेव्हापासून."

"मग?"

"मला वाटलं, ती मुलीचं बोलते. दुखणं म्हणजे दुःख. आमच्या कोकणीत डोळ्यांतल्या पाण्याला दुकां म्हणतात, माझ्या कानांना तेच ऐकू आलं. मराठी मी इथं येऊन शिकले, भाऊ. मी तिला म्हटलं, ते प्रभूच्या पायाशी ठेव. परत उचलू नको. कुणाला दाखवत बसू नको, लोक उगाच उकरत बसतात." तिनं हात मांडीवर ठेवले. "तिनं ऐकलं."

धोंडिराम आता बसला. राग उतरला म्हणून नाही. त्यांच्या गावात दुखणं म्हणजे आजार. लहान पोरालाही विचारलं तर ते सांगेल. आणि एवढ्या एका शब्दापायी घरातलं माणूस गेलं.

"एकदा विचारायचं होतं ना, बाई, कुठं दुखतं म्हणून."

"हो," सिस्टर म्हणाली. "विचारायचं होतं."

तिनं सबब सांगितली असती, तर तो ओरडला असता. तिनं सांगितली नाही, त्यामुळे त्याची आणखीच कोंडी झाली.

"मग हे बायकांना सांगा," तो म्हणाला. "गुरुवारी. सगळं सांगा. फादरनी जे डोक्यात भरलंय ते काढा."

"सांगते. तुम्ही पण या. आणि भाऊ, तुम्ही प्रार्थनेत काय म्हणता सध्या?"

"काही नाही. तोंड उघडलं की शिवी येते."

"तर ती घेऊन बसा. तुम्हाला मी गप्प बसायला सांगणार नाही."

त्या रात्री स्टोव्हवर भात ठेवून तो देवाशी भांडला. बाई तुझ्या पायाशी दुखणं ठेवत होती, तुला तर मराठी येत होतं, तू का नाही बोललास? भात खाली लागला. त्यानं तो तसाच खाल्ला. पुढच्या दिवसांत पातेलं घासताना, शर्टाला बटण लावतानाही तो भांडत राहिला. समोरून उत्तर आलं नाही. पण कुणी उठून गेलंय असंही त्याला वाटलं नाही.

गुरुवारी तो दाराजवळच्या स्टुलावर बसला. सिस्टरनं बायकांना झालं तसं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. "देवाला द्यायचं म्हणजे माणसांपासून लपवायचं नव्हे," ती म्हणाली. "अंगात दुखत असेल, तर आधी घरी सांगा, डॉक्टरला दाखवा, मग इथं येऊन बसा."  मग नलिनी नावाची बाई, जिचा नवरा बसवर कंडक्टर होता, खाली बघत म्हणाली, "सिस्टर, माझं अंगावरून जाणं थांबत नाही. मीपण अर्पण करत होते. फादर म्हणाले म्हणून."

फादर म्हणाले म्हणून. धोंडिराम उठला आणि तिथून तडक फादरच्या ऑफिसात गेला.

फादरांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला. "तुमचं दुःख मी समजू शकतो," ते म्हणाले.

"दुःख राहू द्या, फादर. तिला महिना होईल तेव्हाच्या मिस्सेला तुम्ही परत बोलणार. तेव्हा सांगा, की तिचं गप्प राहणं हा आदर्श नव्हता, ती चूक होती. तिची नव्हे, ऐकणाऱ्यांची."

"अहो, लोकांना तिच्यामुळे धीर मिळालाय. आता वेदीवरून असं बोललो, तर सिस्टरचं नाव खराब होईल."

"सिस्टर स्वतः बोलली."

"चार बायकांपुढं बोलणं वेगळं."

"चर्चमध्ये चारशे आहेत. त्यांतली कोण काय घेऊन पाणी भरतेय, तुम्हाला ठाऊक आहे?"

फादर म्हणाले, बघू. धोंडिरामनं चहा घेतला नाही.

महिन्याच्या मिस्सेला फादर शेवंतीबद्दल चांगलं बोलले. ती कष्टाळू होती, प्रेमळ होती. आदर्श हा शब्द त्यांनी या खेपेला टाळला. मिस्सा झाल्यावर सिस्टरनं धोंडिरामकडे पाहिलं, धोंडिरामनं फादरकडे पाहिलं, फादर झगा काढायला आत गेले.

नलिनीचं ऑपरेशन झालं, ती बरी आहे. धोंडिराम गुरुवारी सुटी असली की दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसतो, आणि दर रविवारी मिस्सा संपली की फादरना एकच विचारतो, चूक होती हे कधी सांगणार. मातीच्या दिवशी वेदीवरून जे बोललं गेलं, ते वेदीवरून अजून मागे घेतलेलं नाही.