वळचणीला खोचलेली पत्रिका

सकाळी उठल्यापासून देवापुढे दिवा लावून, पोथीचा एक अध्याय वाचून तुळशीला पाणी घालेपर्यंत मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे. सगळ्यांना आता सवय झाली आहे. दूधवालासुद्धा पातेल्यात दूध ओतून निमूट जातो. आमचे हे म्हणतात, दिवसातला तेवढाच वेळ मला छापखान्याचा मालक असल्यासारखं वाटतं.

छापखाना सासऱ्यांचा. लोणावळ्यात बाजारामागच्या गल्लीत, खाली मशीन आणि वर आम्ही. पायानं चालवायचं जुनं ट्रेडल. शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा जुळवायचा, शाई लावायची आणि कागदावर दाब द्यायचा. मधली काही वर्षं ते चादर घालून ठेवलं होतं. घरोघरी मोबाईलवर पत्रिका यायला लागल्यावर खिळे कुणाला हवेत? पण अलीकडे पुन्हा लोक विचारत येतात. जाड कागद हवा, अक्षरं खोल रुतलेली हवीत, हात फिरवला की लागली पाहिजेत, म्हणतात. सासरे असते तर हसले असते. त्यांच्या वेळी ठसा कागदाच्या मागून जाणवला की तो कागद वाया गेला म्हणायचे.

औंढे गावची प्रेरणा अशीच विचारत आली. आमच्या ओळखीतल्या बजरंगभाऊंची मुलगी, पुण्यात डिझाइनचं काम करते. तिचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. रुतलेली अक्षरं मात्र तिला हौस म्हणून नको होती. तिचे थोरले काका, महिपती आबा, वडिवळ्याला असतात. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा धाकट्यानं औंढ्याचं घर घेतलं, थोरल्यानं वडिवळ्याची भातखाचरं. भांडण तेव्हा झालं नाही. ते झालं पत्रिकेवरून.

प्रेरणाचा भाऊ सत्यम, त्याचं लग्न लॉकडाऊनमध्ये झालं. मोजकीच माणसं, घरच्या अंगणात. बजरंगभाऊंनी आबांनाही मोबाईलवर पत्रिका पाठवली आणि वर फोन केला की आम्ही गाडी पाठवतो. आबांनी गाडी परत पाठवली. मोबाईलवर बोलावलंत, आता मोबाईलवरच अक्षता घ्या, असा निरोप आला. त्यानंतर भाऊ दोनदा वडिवळ्याला जाऊन आले. दोन्ही वेळा आबा त्यांच्याकडे पाठ करून भाताची पेंढी बांधत राहिले.

“आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, मावशी,” प्रेरणा मला म्हणाली. “एकाचं ऑपरेशन झालं, पण नीट दिसत नाही. भाताचा दाणासुद्धा बोटांत फिरवून ओळखतात. पत्रिका त्यांच्या बोटांना वाचता आली पाहिजे. आणि नाव त्यांचं वर पाहिजे, पप्पांच्याही वर.”

तिच्या मनात एवढंच होतं की आबांनी यावं. ते आले नाहीत तर पप्पा मांडवात उभे राहतील, हसतील, सगळं करतील, पण त्यांचं लक्ष फाटकाकडेच राहील, असं ती म्हणाली. हे बोलताना ती खिळ्यांच्या खणातला एक ‘म’ उचलून बोटावर दाबून बघत होती.

आमच्या ह्यांनी मन लावून काम केलं. निमंत्रकांत पहिलं नाव महिपती, दोघा भावांच्या नावांना सगळ्यात मोठे खिळे. शाई गडद निळी. तिला पाकीट नको होतं. जुन्या पोस्टकार्डासारखं, मागे पत्ता, वर तिकीट, उघडंच जायला हवं. मी एकच गोष्ट सांगितली. आमच्याकडे छापलेली पहिली पत्रिका देवाची, दुसरी घरातल्या वडीलधाऱ्याची, मग बाकी जगाची. ती म्हणाली, दुसरी आबांनाच पाठवते, बाकीच्या त्यानंतर. पहिली मात्र मी स्वतः देवापुढे आणून ठेवीन, तिच्यात थोडं काम बाकी आहे. आणि सगळा गठ्ठा घेऊन ती पुण्याला गेली.

परत आली ती एका सकाळी, माझा अध्याय अर्ध्यात असताना. ह्यांनी तिला आत घेतलं, माझ्याकडे बोट दाखवून ओठांवर बोट ठेवलं. ती हळूच येऊन बसली, देव्हाऱ्यापुढे पत्रिका ठेवली आणि नमस्कार केला.

खरं सांगायचं तर दिसत फार छान होती. पांढराशुभ्र कागद, निळी अक्षरं. आणि वरचा उजवा कोपरा तिरका कापलेला. औंढ्याच्या घरामागून डोंगराची एक सोंड उतरते, तिचा उतार तिनं त्या कापात आणला होता. ऑफिसच्या मशीनवर एकेक पत्रिका स्वतः कापली होती.

मी पोथी मिटली.

“ही कुणाला पाठवलीस का?” मी विचारलं.

ह्यांच्या हातातला कप तसाच राहिला. इतक्या वर्षांत या वेळी माझा आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

“आबांना. परवाच टाकली पुण्याहून. आज पोचेल,” ती म्हणाली, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू गेलं.

कोपरा कापलेलं कार्ड म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला उरलंच नव्हतं. तिच्या जन्माआधीच फोन आले. पण आमच्या लहानपणी पोस्टमननं कोपरा फाटलेलं कार्ड आणलं की ते घरात नेत नसत. दारातच वाचायचं किंवा वाचायचंही नाही, वळचणीला खोचायचं, आणि आधी डोक्यावरून पाणी घ्यायचं. कोण गेलं ते मागून कळायचं. आणि आबांच्या बोटांना अक्षरं लागण्याआधी कडा लागणार होत्या.

मी तिला हे सांगितलं. तिनं लगेच फोन काढून बजरंगभाऊंना लावला. वाजत राहिला, कुणी घेतला नाही. वडिवळ्याचा लागलाच नाही. धरणाच्या अंगाला रेंज असते तेव्हा असते.

“मावशी, तुम्ही येता माझ्याबरोबर? मला एकटीला नाही सांगता येणार त्यांना.”

तुळशीला पाणी घालायला मी ह्यांना खुणेनं सांगितलं, मग माझं मलाच आठवलं की आता खुणेची गरज नाही. देव्हाऱ्यापुढची पत्रिका उचलली, पिशवीत टाकली. देवाला मनात म्हटलं, जरा थांब.

तिच्या स्कूटरवर मागे बसून मी जप करायला लागले, पण ओळ चुकत होती. आबांचं वय, एकटं घर, आणि दारात तसलं कार्ड. माणूस जागच्या जागी बसला तर? कामशेतला बाजारात भाताच्या पोत्यांचा ट्रक आडवा लागला होता. हमाल सावकाश पोती उतरवत होते. प्रेरणानं हॉर्न वाजवला नाही, नुसती हँडल घट्ट धरून बसली. पुढचा रस्ता दोन्ही बाजूंनी कापलेल्या खाचरांमधून जातो. खळ्यांवर झोडपणी चालली होती, गावातली सगळी माणसं तिथं. म्हणजे आबांच्या घराजवळ कार्ड वाचून दाखवायलाही कुणी नसणार.

घर उघडं होतं. पायरीवर कस्तुराबाई, आबांच्या पत्नी, गुडघ्यांत डोकं घालून बसल्या होत्या. अंगणात पाणी सांडलेलं, बादली आडवी. आणि वळचणीला, कौलाखाली, पांढरी पत्रिका खोचलेली.

स्कूटरच्या आवाजानं त्यांनी मान वर केली. प्रेरणाला बघून त्या उठल्या आणि तिला कवटाळून हुंदके द्यायला लागल्या. पोरी, तुज्यावर काय येळ आली गं, लगीन तोंडावर आलं आन तुजा बा, असं काहीबाही.

“मोठीआई, पप्पा बरे आहेत,” प्रेरणा म्हणाली. “काही झालेलं नाही. ती लग्नाची पत्रिका आहे. माझ्या.”

कस्तुराबाईंना ते लगेच पोचलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, खरं आहे, आमच्याच छापखान्यात छापली. कोपरा पोरीनं शोभेसाठी कापला, तिला ठाऊक नव्हतं.

त्या पायरीवर पुन्हा बसल्या. पदरानं तोंड पुसलं, आणि मग त्यांना हसू यायला लागलं.

“शोभंसाटी,” त्या म्हणाल्या. “आगं, तुज्या शोभंनं माज्या म्हाताऱ्याला थंड पान्यानं न्हायला घातलं की ह्या थंडीत.”

मग त्यांनी सांगितलं. पोस्टमन नवा, लांबच्या गावचा. गाडीवरूनच ओट्यावर कार्ड टाकून गेला. आबांनी हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवत फिरवत कोपऱ्यापाशी आले आणि थांबले. मागे औंढ्याचा पत्ता उमटवलेला होता, त्यावरून बोट फिरवलं. कस्तुराबाईंना वाचता येत नव्हतं, पण आबांनी दुसऱ्या कुणाला हाक मारली नाही, वाचून घ्यायला पाठवलं नाही. कार्ड वळचणीला खोचलं आणि म्हणाले, माजा बजा गेला. पाच वर्षांत ते नाव या घरात निघालं नव्हतं. पंप सुरू करून बादलीभर पाणी डोक्यावर ओतलं, ओल्या धोतरानंच गावातल्या शिदूच्या रिक्षात बसले आणि औंढ्याला निघाले.

“म्हणजे आबा आता आमच्याच घरी पोचले असतील?” प्रेरणा म्हणाली.

“पोचलं आसत्याल. तितं तुजा बा जित्ता दिसंल, मग भांडत बसत्याल. बसू दे.”

प्रेरणानं विचारलं, मोठीआई, तुम्ही पण चला ना. कस्तुराबाईंनी मान हलवली.

“न्हाई. ते गेल्यात मयताला. मी मयताला येनार न्हाई आन लग्नाला अजून मला कुनी बोलीवलं न्हाई. रीतीनं बोलीव, मग येते.”

प्रेरणानं माझ्याकडे बघितलं. तिच्याजवळ काहीच नव्हतं, स्कूटरची किल्ली सोडून. माझ्या पिशवीत हळदीकुंकवाची डबी कायम असते, देवळात जाते म्हणून. ती मी तिच्या हातात दिली. तिनं ओट्यावर चढून वळचणीची पत्रिका काढली. पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावतात. तिनं तीन कोपऱ्यांना लावलं आणि चौथ्या जागी थबकली. मग कापलेल्या कडेवर बोट लांब ओढलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कस्तुराबाईंच्या कपाळाला लावलं, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, लग्नाला यायचं, आदल्या दिवसापासून.

कस्तुराबाईंनी पत्रिका दोन्ही हातांनी घेतली आणि उंबरा ओलांडून आत नेली. आतून देव्हाऱ्यातली घंटी किणकिणली. माझ्या छातीवरचं अर्धं ओझं तिथंच उतरलं.

अर्धं औंढ्याला बाकी होतं. वाटेत प्रेरणा एकदाच बोलली. म्हणाली, आबा चिडून परत निघाले असतील तर? मी म्हटलं, बघू.

लग्नघर म्हणून बजरंगभाऊ स्वतः भिंती रंगवत होते, हे आम्हाला फाटकातूनच कळलं. शिडी भिंतीला लावलेली, भाऊ केसांपासून पायांपर्यंत पांढरे. म्हणून फोन उचलला नव्हता. पालथ्या घातलेल्या डिस्टेंपरच्या बादलीवर आबा बसलेले, अंगावर घरातली शाल, हातात चहाची बशी. शिदू फाटकाशी उभा राहून तोंड दाबून हसत होता. त्यानंच आम्हाला हळू आवाजात सांगितलं. आबा फाटकातून रडत आत आले, तर समोर शिडीवर बजरंगभाऊ, पांढरेफटक. आबांच्या त्या डोळ्यांना काय दिसलं असेल! आबा म्हणाले, बजा, मेल्यावर तरी काम सोड की रं. आणि भाऊ शिडीवरून जवळजवळ पडलेच.

आम्हाला बघून आबांनी बशी खाली ठेवली.

“ही कोन? प्रेरणा का? ये. मी तुज्या लग्नाला आलेलो न्हाई, आदी सांगतो. मी मयताला आलो व्हतो.”

“मयत झालं न्हाई तर आता परत जाशील व्हय?” बजरंगभाऊ म्हणाले. हात पुसायचं फडकं त्यांच्या हातात होतं, पण ते त्यानं डोळे पुसत होते आणि सगळा रंग तोंडाला लागत होता.

“जाईन की. चहा संपू दे.”

“मग लग्नाला ये परत.”

प्रेरणा आबांसमोर जमिनीवर बसली, आणि तिनं सांगायला सुरुवात केली की कोपरा तिनं कापला, चुकलं, डोंगराची सोंड दाखवायची होती. आबा ऐकत होते की नाही, कळेना. मी पिशवीतून देवाची पत्रिका काढली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांचा अंगठा कडेवरून निघाला, कोपऱ्यापाशी आला. या वेळी तो थांबला नाही. कापावरून घसरला, आत वळला आणि अक्षरांवर गेला. गणपतीच्या नावावरून, मुलामुलीच्या नावांवरून, हळूहळू खाली. एका ठिकाणी तो मागे गेला आणि पुन्हा पुढे आला. ‘म’, मग पहिली वेलांटी, मग ‘ह’.

“हे माजं हाय,” आबा म्हणाले.

“वरच हाय,” बजरंगभाऊ म्हणाले. “मग काय खाली घालीन व्हय?”

आबांनी अंगठा तिथून काढला नाही. तसाच ठेवून विचारलं, निमंत्रक म्हणून नाव असलेल्या माणसानं लग्नाला कधी यायचं असतं? प्रेरणा म्हणाली, आदल्या दिवशी, मोठीआईला घेऊन. त्यांनी मान डोलावली आणि उरलेला चहा प्याले. बजरंगभाऊ भिंतीकडे तोंड करून उगाचच ब्रश मारत राहिले, एकाच जागेवर.

बाकीच्या पत्रिका अजून टपालात पडायच्या होत्या, हेच नशीब. संध्याकाळी गठ्ठा आमच्याकडे आला. टाकायच्या तर कागद वाया आणि पोरीची मेहनत वाया. ह्यांनी एक हातात धरून फिरवली आणि म्हणाले, एक कोपरा कापला तर वाईट. चारही कापले तर आठ कडांची पत्रिका होते, आणि आठ कडांचं वाईट असं आपल्यात काही ऐकलेलं नाही. मग कटरवर उरलेले तीन तीन कोपरे उतरवले. डोंगराची सोंड गेली, पण प्रेरणा म्हणाली, राहू दे, ती घरामागे आहेच.

आबांनी देवाची पत्रिका परत दिली नाही. शालीच्या आत घेऊन गेले. मी मागितलीही नाही. देवासाठी एक नवी, अख्ख्या कोपऱ्यांची छापून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे देव्हाऱ्यापुढे ठेवली. आदल्या दिवशीचा अर्धा राहिलेला अध्याय आधी वाचला, मग त्या दिवसाचा. तुळशीला पाणी घालून आले तेव्हा हे जिन्याच्या तोंडाशी उभे होते.

“आज बोलणार का?” त्यांनी विचारलं.

बोलले. चहा टाकते म्हटलं.