दुधाची पिशवी

साल्तियो शहरातल्या त्या कारखान्यात लेथवरच्या तापल्या लोखंडावर ते गार करायचं कूलंट पडलं की पांढरट वाफ उठायची. दिवसभर तीच छातीत ओढत सगळे काम करायचे. त्यावर उपाय काय, तर पाळी सुटताना प्रत्येकाला दुधाची पिशवी! दुधाने छातीतलं विष धुऊन निघतं म्हणे. ते दूध युनियनने भांडून मिळवलेलं, त्यामुळे त्याचा तोरा काही निराळाच.

एर्मिनियाला त्या दुधाची चीड होती. ती कामगारांची प्रतिनिधी, आणि तिचा धाकटा भाऊ फिदेन्सियो लेथवर खोकून खोकून अर्धा झालेला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "दूध पोटात जातं, फुफ्फुसात नाही. मशीनला झाकण आणि वाफ ओढणारा पंखा बसवा, नाहीतर हा हातचा जाईल."

एर्मिनियाने मॅनेजरच्या नाकी नऊ आणले. शेवटी तो कबूल झाला, पण मेख मारलीच. "पंखे लावतो. मग दूध बंद. वाफच नाही तर दूध कशाला?"

तिला वाटलं, जिंकलो. कँटीनमध्ये तिने हे सांगितलं.

"पंखा काय ताकोच्या पोळीत घालून खायचा, पोरी?" म्हातारा कासिमिरो म्हणाला.

"अहो काका, दूध तरी तुम्ही कुठे पिता? सगळे घरी नेता!"

कुणीच वर बघेना. घरोघरची पोरं त्याच दुधावर वाढत होती, हे तिलाही ठाऊक होतं.

हात वर करून मतं झाली. दोन्हीकडे सारखीच. राहिला फक्त फिदेन्सियो. एर्मिनिया निर्धास्त झाली. त्याने खोकला दाबला आणि हात वर केला. दुधासाठी.

फाटकाबाहेर तिने त्याला गाठलं. "गाढवा, तुझ्यासाठी जिवाचं रान केलं मी!"

"माहितीये गं ताई. पण पंखा घरी नेता येत नाही. माझी छोकरी यादिरा रोज दारात दुधाची वाट बघत असते."

"तिचं दूध मी आणीन!"

"आणि बाकीच्यांच्या पोरांचं?"

तेवढ्यात त्याला उबळ आली. दोन्ही हात भिंतीला टेकायला हवेत म्हणून त्याने पिशवी तिच्याकडे दिली. खोकला थांबता थांबेना. तिला रडूच फुटलं. ती पिशवी फोडून गटारात ओतावी असं फार वाटलं तिला.

बऱ्याच वेळाने त्याला श्वास मिळाला. तोंड पुसत त्याने हात पुढे केला.

"दे."

तिने दिली.