लाल पेनाच्या दुरुस्त्या

तातेराव सरांनी लेकीचा इंग्रजी मेसेज वहीत उतरवून घेतला, लाल पेनानं त्यातल्या तीन चुकांना गोल केले आणि पानाचा फोटो काढून तिलाच परत पाठवला. आष्टीच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. निवृत्त झाले तरी हात काही आवरत नव्हता. फोटोखाली त्यांनी विचारलं, चौदा एप्रिलला, जयंतीला घरी येणार ना?

पुण्याहून प्रियाचं एका शब्दाचं उत्तर आलं. ब्रुह.

सरांनी दोन्ही डिक्शनऱ्या पालथ्या घातल्या. शब्द कुठंच नाही. वैतागून ते मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या पुतण्याकडे, भारतकडे गेले.

"ब्रो लिहायचं असंल तिला. लाडानं म्हणतात ना पोरं?"

"न्हाई काका. ब्रो म्हंजी आपला, जवळचा माणूस. ब्रुह म्हंजी... आता काय बोलावं या माणसाला, असं."

"बापाला?"

भारत चार्जरची वायर गुंडाळत राहिला. "ते फोटो पाठवणं बंद करा, काका."

सर भडकलेच. फोटो बंद करा म्हणे! पोरगी पुण्याला नोकरीला लागली ती याच लाल पेनाच्या जिवावर. घरी येऊन त्यांनी लिहिलं, बापाशी नीट इंग्रजीत बोलायचं, नाहीतर बोलायचंच नाही.

तीन दिवस फोन गप्प होता. सरांना मनातून धास्ती वाटत होती, पण ती त्यांनी बायकोवर काढली. बेबीनंदा रोज एकच विचारायची.

"पोरगी येऊन राह्यली का?"

"आधी लिहायला तं शिकू दे तिला."

चौथ्या दिवशी मेसेज आला. सरांनी तो वहीत उतरवला आणि लाल पेनाचं टोपण काढलं. आदरणीय बाबा. कळवण्यास खेद वाटतो की कामाच्या व्यापामुळे जयंतीस उपस्थित राहणे मला शक्य होणार नाही. आपली विश्वासू, प्रिया. सगळं इंग्रजीत, स्वल्पविरामासकट बरोबर. शाळेत सुट्टीचा अर्ज त्यांनीच तिला असा शिकवला होता.

"काय लिव्हलं तिनं?" बेबीनंदा दारात येऊन उभी राहिली.

"एकबी चूक न्हाई."

"ते न्हाई इचारलं म्या."

सरांनी पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.