पंपाच्या दोन नळ्या

तोकुजींना जाऊन एकतीस दिवस झाले होते. रिवाजाप्रमाणे एकोणपन्नासाव्या दिवशी त्यांच्या अस्थी देवळामागच्या कबरीत ठेवायच्या, आणि त्या त्यांच्याच गाडीतून न्यायच्या, असं त्यांच्या बायकोने, हात्सुएने, मनाशी पक्कं केलं होतं. ती गाडी तिनेच त्यांच्या हातून सोडवली होती.

दोन वर्षांपूर्वी आत वळताना फाटकाच्या खांबाला गाडी घासली. "बस झालं आता," ती म्हणाली होती. "उद्या कुणाचं पोर चाकाखाली आलं म्हणजे?" दुसऱ्या दिवशी तोकुजींनी कोट घातला, टाय बांधला आणि पोलीस ठाण्यात जाऊन लायसन्स परत करून आले. घरी येऊन चहा ओतलेला भात मुकाट्याने जेवले. अंत्यविधीला कुरायोशी गावातला जो तो म्हणाला, इतका ठणठणीत माणूस! ते शब्द हात्सुएच्या काळजात सुईसारखे अडकले. ठणठणीत माणसाला आपण घरी बसवलं.

गाडी छोटी, इंजिन मागे असलेली, लग्नानंतर तिसऱ्या वर्षी घेतलेली. शेडमध्ये मिझोगुचीने तिचं मागचं झाकण उघडून आत बोट घातलं. मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात तो तोकुजींच्या हाताखाली शिकला होता. आता स्वतःच साठी ओलांडून गेला होता.

"पेट्रोलच्या नळ्या वाळवलेल्या माकुळासारख्या कडक झाल्यात, वहिनी. सगळ्या बदलायच्या. पण इंजिन उतरवल्याशिवाय हात पोचायचा नाही."

"उतरवा की मग. अठरा दिवस आहेत."

तो बोल्टांशी झटू लागला. "वस्तादांनी आवळलेला बोल्ट म्हणजे माझ्या सासूचं मिटलेलं तोंड. लवकर उघडेल तर शपथ!"

"तुमच्या सासूला ओळखत होते मी. मिटलेलं कधी पाहिलं नाही."

मिझोगुची खो खो हसला. हात्सुएही हसली, महिन्याभरात पहिल्यांदा. मागचा बंपर निघाला, पत्रा निघाला, तारा सुटल्या. छताच्या तुळईला तोकुजींनीच बसवलेली साखळीची कप्पी होती. लायसन्स गेल्यावरही एकदा त्यांनी एकट्याने इंजिन उतरवलं होतं. हात्सुएला वाटलं होतं, बिचारे वेळ घालवतात. आता तेच इंजिन साखळीला लटकत इंचाइंचाने बाहेर आलं.

त्याला चिठ्ठ्या बांधलेल्या होत्या. पार्सलला बांधतात तशा, पुठ्ठ्याच्या, दोऱ्याने. हात्सुएने चष्मा लावला. अक्षर तोकुजींचंच, पेन्सिलीचं.

'ही नळी टाकीकडून येते.' 'हिच्यातून पेट्रोल कार्बुरेटरला जातं.' एका तारेवर, 'ही तुटलेली नाही. अशीच असते.' आणि बोल्टापाशी, मोठ्या अक्षरांत, 'उजवीकडे फिरवलं की घट्ट होतं.'

"नव्या पोरांना शिकवायला लिहिलं असेल," मिझोगुची हळूच म्हणाला.

"कुठली पोरं? घरात आम्ही दोघंच."

पहिल्या चिठ्ठीमागे तारीख होती. पाच वर्षांपूर्वीची.

त्याच वर्षी दर रविवारी समुद्रावर जाताना पुलापलीकडच्या फाट्यावर तोकुजी गाडी थांबवू लागले होते. "आज कुठल्या वाटेने, राणीसाहेब?" जन्मात असं लाडाचं बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं. हात्सुए लाजायची, कधी डावीकडे म्हणायची, कधी उजवीकडे. केस कापायला गेली की बायकांना सांगायची, म्हातारपणी आमच्या ह्यांना रंग चढलाय. बायका जळायच्या.

त्यांना वाट आठवत नव्हती.

म्हणजे लायसन्सच्या बाबतीत तिचं चुकलं नव्हतं. महिनाभर छातीवर घेतलेला धोंडा निघाला, पण त्याखाली हे होतं. एकाच घरात, एकाच कोताट्सूच्या उबदार मेजाखाली पाय घालून बसलेला माणूस पाच वर्षं एकटा विसरत गेला, आणि तिने त्याला दटावलं काय, तर खांब दिसला नाही का म्हणून.

मिझोगुची पंपाकडे वाकला. त्याला दिसावं म्हणून हात्सुएने खुंटीवरचा दिवा काढून जवळ धरला. चाळीस वर्षं ती तोकुजींसाठी असाच दिवा धरत आली होती.

"शेवटच्या वेळी तरी ह्यांनी नळ्या बरोबर लावल्या होत्या का हो?" तिने विचारलं.

मिझोगुचीने पंप फडक्याने पुसला. जरा वेळ पुसतच राहिला. मग म्हणाला, "अगदी बरोबर, वहिनी. वस्तादांचा हात तो!"

हात्सुएला दिसलं, पंपाच्या अंगावर पेट्रोल बाहेर जायच्या दिशेचा बाण कोरलेला होता. बाण ज्या तोंडाकडे होता, तिथल्या नळीवर 'टाकीकडून येते' ही चिठ्ठी लोंबत होती. गेली दोन वर्षं रविवारी सकाळी शेडमधून स्टार्टरची घरघर ऐकू यायची आणि बंद पडायची. तोकुजी आत येऊन हात धुवायचे. "आज राहू दे," म्हणायचे. ती समजायची, रुसलेत.

"बरोबरच असणार," हात्सुए म्हणाली.

मिझोगुचीने नव्या नळ्या उचलल्या. तिने मान वळवून भिंतीकडे तोंड केलं, आणि नळ्यांची अदलाबदल करताना त्याला नीट दिसावं म्हणून दिवा थोडा खाली धरला.