डोकी मोजणारा चिमटा

मी एक जुना पितळी चिमटा आहे. निखारे उचलणारा नव्हे, मित्रांनो. माणसांची डोकी मोजणारा.

कारागिराने माझे दोन्ही बाहू इतके अचूक वाकवले होते, की तुरुंगाच्या डॉक्टरांनी मला पाहताक्षणी विकत घेतले. गुन्हेगार जन्मतःच वेगळा घडतो, जबडा रुंद, कपाळ चिंचोळे, असा त्यांचा ठाम समज. मी आकडा सांगायचो, ते निकाल लावायचे. माझी वाहवा व्हायची आणि, खोटे कशाला बोलू, मी फुशारून जायचो.

एके सकाळी शिवणकाम करणाऱ्या एका बाईला आणले. तिने मुकादमाच्या डोक्यात इस्त्री घातली होती. अहवालात ‘जन्मजात गुन्हेगार’ आले तर ती कायमची आत. नाहीतर काही महिन्यांत लेकीजवळ. चार वर्षांची लेक मावशीचे बोट धरून दारातच उभी होती.

मी आईचा जबडा धरला. रुंद भरला.

“झालं,” डॉक्टर म्हणाले.

“थांबा हो,” शेजारी बसलेले मानसतज्ज्ञ म्हणाले. “बाप तापट होता हिचा. लहानपणीचा राग साठलाय मनात.”

कलिंगडावरून घासाघीस करावी तसे दोघे तिच्यावरून भांडू लागले. तिला कुणी काही विचारलेच नाही.

तेवढ्यात डॉक्टरांची नजर लेकीवर गेली. “हिला आणा. रक्तातच असणार.”

माझी थंड टोके त्या कोवळ्या गालांना टेकली. पोरीने श्वास रोखला. जबडा हुबेहूब आईचाच. डॉक्टर खुलले. “लिहा बाई, हिच्यावरही नजर ठेवावी.”

वही घेऊन बसलेल्या कारकून बाईंनी टाक खाली ठेवला. “नाही लिहीत.”

“का?”

“लेक आईवर नाही जाणार, तर काय शेजारणीवर जाणार, साहेब?” मग त्या आईकडे वळल्या. “का मारलंस गं त्याला?”

“धूर कोंडला होता, ताई. सात जणी आत. दाराला कुलूप, किल्ली त्याच्या खिशात, अन् तो म्हणे, आधी शिवणाचा गठ्ठा संपवा.”

बाईंनी जबड्याच्या रकान्यात तेवढेच लिहिले. डॉक्टरांनी सही करायला फार वेळ लावला, पण केली. बाकीच्या सहा जणींनी साक्ष दिली, आणि आई घरी गेली.

तेव्हापासून मी खणात पडून आहे. अंगावर हिरवा कळंक चढलाय. मला घासूनपुसून ठेवा, असे मी म्हणणार नाही. कुणी वाकडे वागले, तर त्याच्या कपाळाकडे आणि बापाकडे बघण्याआधी त्याला विचारा, काय झाले. आणि लहान मुलाच्या गालाला हात लावायचाच असेल, मित्रांनो, तर ऊब असलेला लावा.